जूनचे रत्न आणि मुंबईचे मोती



अँटॉप हिलचे नाव काढले असता कोणा मुंबईकरास रत्नांची आठवण व्हावी, असे तेथे वरकरणी काहीच नाही. काळ्या दगडाची एक बुटकी टेकडी, तिच्या अंगाखांद्यावर चढलेली दाट वस्ती, पायथ्याशी केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी उभारलेली वसाहत, आणि पूर्वेच्या अंगास एके काळी भरतीच्या पाण्यावर पिकणारी मिठागरे, एवढाच तिचा पसारा. तरीही आजच्या भाषणाचा विषय मला याच टेकडीच्या पायथ्याशी, एका ओळखीच्या घरी, चहाच्या पेल्याबरोबर मिळाला.

त्या घरातील नात जून महिन्यात सोळा वर्षांची व्हावयाची होती. वाढदिवसास तिला काय द्यावे याचा खल चालू असता सूनबाईंनी एका सराफी पेढीवरून मिळालेला रंगीत पत्ता पुढे ठेवला. त्यावर बारा महिने छापलेले, आणि प्रत्येक महिन्यासमोर त्याचे 'जन्मरत्न'. जूनपुढे मोती होता. पेढीने एक सोयही सांगितली होती : जुना दागिना आणून द्यावा आणि त्याच्या मोलात जन्मरत्नाची अंगठी घेऊन जावी. घरात मोडण्याजोगा जुना दागिना एकच होता, तो म्हणजे आजींची नथ. पेढीवरच्या गृहस्थांनी तिचे सोने तोलले, चुन्या पाहिल्या, आणि मोती "जुने व पिवळे पडलेले" म्हणून हिशेबातच धरले नाहीत. म्हणजे जुने मोती फुकट देऊन नवा मोती विकत घ्यावयाचा, असा तो सौदा होता. त्यातच मुलीच्या मावशीने दुसरी भर घातली. कोणा ज्योतिषाने म्हणे पत्रिका पाहून या मुलीस मोती वर्ज्य सांगितला होता! पत्ता म्हणतो घाला, पत्रिका म्हणते घालू नका. आजी मात्र काही बोलत नव्हत्या. त्या नथीची डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही या विषयाचे काही वाचले आहे म्हणता, तर खरे कोणाचे ते सांगा," असे मला विचारण्यात आले. त्या घरी दिलेले उत्तरच थोडे विस्ताराने आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम त्या पत्त्याविषयी. बारा महिन्यांस बारा रत्ने ही कल्पना जुनी आहे, यात शंका नाही. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात मुख्य याजकाच्या उरपट्ट्यावर बारा रत्ने जडविलेली असत, इस्रायलच्या बारा कुळांची बारा, असे वर्णन आहे. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसीफस याने त्या बारांचा संबंध वर्षाच्या बारा महिन्यांशी आणि बारा राशींशी जोडला. पुढे ख्रिस्ती पंडितांनी तोच धागा लांबविला. पण तेव्हाची समजूत आजच्यासारखी नव्हती. ज्यास ऐपत असे तो बाराही रत्ने बाळगी आणि ज्या महिन्याचे जे रत्न ते त्या महिन्यात धारण करी. माणसाने आपल्या जन्ममासाचे एकच रत्न जन्मभर वापरावे ही चाल बरीच अलीकडची, अठराव्या शतकात पोलंडकडे सुरू झालेली, असे अमेरिकेतील प्रसिद्ध रत्नपारखी जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी लिहून ठेवले आहे.

आणि याद्या तरी कोठे एकसारख्या होत्या? देशोदेशी आणि शतकाशतकास त्या बदलत गेल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भाषेत प्रचारात असलेल्या यादीत जूनच्या वाट्यास मोती नव्हता, अकीक होता. या गोंधळाने व्यापारास अडचण होऊ लागली. गिऱ्हाइकाने एका दुकानात अकीक मागावा आणि दुसऱ्याने त्यास मोती दाखवावा, हे पेढ्यांस परवडणारे नव्हते. म्हणून १९१२ साली अमेरिकेतील किरकोळ जवाहिऱ्यांच्या संघाने कॅन्सस सिटी येथे सभा भरवून एक यादी मंजूर केली. आजची छापील यादी मूळ तीच. तीत जूनला मोती आणि चंद्रकांत मणी ही दोन रत्ने मिळाली. १९५२ साली तीत अलेक्झांड्राइटची भर पडली. ज्या कोष्टकास आपण एखाद्या प्राचीन शास्त्राचा मान देतो, ते अशा रीतीने व्यापाऱ्यांच्या सभेतील ठराव आहे. व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी ठराव करावा यात गैर काही नाही. त्यास शास्त्र म्हणून आपण डोक्यावर घेऊ नये, इतकेच.

या तिसऱ्या रत्नाविषयी दोन शब्द बोलून ते बाजूस ठेवू. अलेक्झांड्राइट हा रशियातील उरल पर्वतात १८३० च्या सुमारास सापडलेला दगड. दिवसा हिरवा आणि दिव्याच्या उजेडात तांबडा दिसतो. त्यास रशियाच्या युवराजाचे नाव मिळाले. आपल्याकडील लसण्या, ज्यास जुने ग्रंथ वैडूर्य म्हणतात, तो याच जातीच्या खनिजाचा भाऊबंद आहे. आता गंमत पाहा. आपल्या नवरत्नांत मोती चंद्राचा आणि लसण्या केतूचा. चंद्राचे आणि केतूचे वैर तर ग्रहणाच्या कथेपासून प्रसिद्ध! अमेरिकन यादीने या दोघांस एकाच महिन्यात शेजारी बसविले आहे. यादी करणाऱ्यांस याची वार्ताही नसणार.

तेव्हा आपल्या परंपरेकडे वळू. आपल्याकडे रत्नांची वाटणी महिन्यांवर झालेलीच नाही, ती ग्रहांवर झाली. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा. यांत महिन्याचा प्रश्न येत नाही आणि जूनचा तर नाहीच. मोत्यास एखादा काळ जोडावयाचाच झाला तर तो आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे स्वाती नक्षत्राचा. स्वातीच्या पावसाचा थेंब उघड्या शिंपेत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. सूर्य स्वाती नक्षत्रात असतो तो ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभी. जूनमध्ये आपल्याकडे मृग लागतो, शाळा उघडतात, छत्र्या निघतात, पण मोती पिकत नाहीत! पत्ता आणि पंचांग यांचा मेळ बसेना याचे कारण हेच. एकाने बारा घरे आखली, दुसऱ्याने नऊ, आणि दोहोंचे मोजमापच निराळे. या दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने खड्याचा माणसाच्या दैवावर परिणाम होतो, याचा पुरावा अद्यापि कोणी पुढे आणलेला नाही. हे मी त्या मावशींसही नम्रपणे सांगितले. त्यांना ते पटलेसे दिसले नाही. असो.

तथापि आपल्या पूर्वजांनी मोत्याविषयी केवळ काव्यच रचले असे कोणी समजू नये. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांची आठ उगमस्थाने सांगितली आहेत. त्यांत हत्ती, साप, डुक्कर आणि मेघ हे आज आपणांस हसू आणतील. पण त्याच प्रकरणात शिंपेतील मोती कोणकोणत्या देशांतून येतात याची नोंद आहे, आणि तीत सिंहल, ताम्रपर्णी, सुराष्ट्र ही नावे आहेत. कौटिलीय अर्थशास्त्र तर निव्वळ कोशाध्यक्षाच्या नजरेने लिहिलेले. उत्तम मोती कोणता? तर मोठा, वाटोळा, कोठेही चपटा नसलेला, तेजस्वी, शुभ्र, जड, स्निग्ध, आणि योग्य जागी वेज पाडलेला. या शेवटच्या गुणाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. इतर सारे गुण निसर्गाने दिलेले, हा एक तेवढा माणसाच्या हाताचा. वेज अर्ध्या दोऱ्याइतका जरी वाकडा गेला तरी हजारांचा मोती शेकड्यांचा होतो. हे काम जगात सर्वांत चांगले जेथे होत असे, ते शहर म्हणजे आपली मुंबई.

अमेरिकन जवाहिऱ्यांनी १९१२ सालीच अकिकास उठवून त्याच्या जागी मोती का बसविला, याचा विचार केला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अकीक हा स्वस्त दगड. आपल्या दख्खनच्या लाव्ह्यातील पोकळ्यांत तो ठायी ठायी भरलेला असतो. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास ज्या लाव्हारसाच्या लोटांनी महाराष्ट्राचा काळा कातळ तयार झाला, त्याच कुळीतला अँटॉप हिलचा दगड. म्हणजे जूनचे जुने रत्न आमच्या त्या स्नेह्यांच्या दारच्या खडकाचे सख्खे नातलग, नव्हे काय? पण त्यास मोल ते काय येणार! उलट त्या दहापंधरा वर्षांत मोती हे जगातील सर्वांत महाग रत्न होऊन बसले होते. हिऱ्यासही त्याने मागे टाकले. १९१७ साली न्यूयॉर्क येथे एका धनिकाने आपला पाचव्या रस्त्यावरील वाडा कार्तिए या फ्रेंच पेढीस देऊन टाकला, तो पत्नीसाठी दोन पदरी मोत्यांच्या एका हाराच्या बदल्यात. त्या हाराची किंमत त्या वेळी दहा लक्ष डॉलर धरली होती. असे रत्न जूनच्या वाट्यास यावे, ही जवाहिऱ्यांची इच्छा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. आणि योगायोग असा की, ज्या १९१२ साली ही यादी झाली तेच साल इराणी आखातातील मोत्यांच्या धंद्याचे सर्वांत भरभराटीचे साल म्हणून अरब लोकांच्या स्मरणात राहिले. त्यांनी त्या वर्षास उतू जाण्याचे वर्ष असे नाव दिले होते.

जगातील उत्तम मोती त्या काळी आखातातून निघत. आपण ज्यांस बसऱ्याचे मोती म्हणतो ते हेच. ते बसऱ्यास पिकत नव्हते. बहारीन, कतार आणि कुवेतच्या भोवतालच्या उथळ समुद्रातील ते मोती, बसऱ्याच्या बाजारावरून त्यांस ते नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने करविलेल्या गणनेत या कामावर सुमारे साडेचार हजार नावा आणि सत्तर हजारांवर माणसे आढळली. बुड्या मारण्याचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. आपल्या दारात मृगाचा पाऊस कोसळत असता तिकडे बुडे नाकास हाडाचा चिमटा लावून आणि पायास दगड बांधून तळाशी जात. वर नावेवर दुसरा माणूस दोर धरून उभा असे. दोरास हिसका बसला की त्याने ओढावयाचे. एका दिवसात अशा पन्नास पन्नास बुड्या. शेकडो शिंपा उघडाव्या तेव्हा एखाद्या शिंपेत मोती, आणि तो बहुधा मोहरीएवढा. बुड्यास पगार नसे. हंगामाच्या आधी नाखव्याकडून उचल घ्यावयाची, हंगामानंतर वाट्यातून फेडावयाची, आणि फिटली नाही तर पुढील वर्षी त्याच नावेवर चढावयाचे. कित्येक ठिकाणी बापाचे कर्ज मुलाच्या माथी बसे. मोत्याचा चंद्राशी संबंध आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पण या उचलीशी होता, हे मात्र खरे.

हा सारा माल येई मुंबईस. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींनी अरब व्यापारी लाल फडक्यांत बांधलेले मोती घेऊन येत आणि महिनोन् महिने येथे मुक्काम ठोकीत. कित्येकांनी येथे घरे केली. जेद्दाचे महंमद अली झैनल यांचे नाव यांत अवश्य घेतले पाहिजे. १९०५ साली त्यांनी जेद्दा येथे फलाह नावाची शाळा काढली आणि पुढे तिच्या शाखा वाढविल्या. त्या शाळांस लागणारा पैसा मोत्यांच्या व्यापारातून उभा राहिला, आणि त्या व्यापाराचे ठाणे मुंबई होते. अरबस्तानातील नव्या शिक्षणाचा एक झरा असा झवेरी बाजारातून वाहत होता.

झवेरी बाजार, शेख मेमन रस्ता, धनजी स्ट्रीट, या दोन हाकांच्या टापूत मोत्याचा सारा संस्कार होई. पितळेच्या चाळण्यांची उतरंड असे. तिच्या लहानमोठ्या भोकांतून मोती गाळून आकारवारी लावीत. मग रंगाने निवडणी. गुलाबी झाकेचा, पांढरा, पिवळसर, निळसर. मग वेज पाडणारा कारागीर मोती लाकडी ठोकळ्याच्या खळग्यात बसवून, वरून थेंबथेंब पाणी सोडीत, धनुकलीने सामता फिरवी. त्याची दृष्टी चाळिशीतच अधू होई असे जुने लोक सांगत. शेवटी पटवेकरी रेशमात ते ओवून त्यांचे झुबके बांधी, आणि असे झुबके पॅरिस व लंडनच्या बाजारात मुंबईच्याच नावाने ओळखले जात.

मोल ठरविण्याची रीतही येथलीच. मोत्याची किंमत वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच पाण्याचे दोन मोती घेतले आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा निघाला, तर त्याचे मोल दुप्पट होत नाही, चौपट होते. या हिशेबाचे जे माप त्यास 'चव' म्हणत. रती आणि टांक यांवरून चव काढण्याची कोष्टके व्यापाऱ्यांस तोंडपाठ असत, आणि आखातातील अरब व्यापारीदेखील मुंबईच्याच चवीने हिशेब करीत. चलनही आपलाच रुपया. आखाती देशांत तो १९६० नंतरही काही वर्षे चालत होता.

आता हे मोती मराठी घरांत कसे आले ते पाहू. पेशवाईत पुण्याच्या वाड्यांतून मोत्यांचा शौक किती होता हे निराळे सांगावयास नको. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, वाक्या, ही सारी त्या काळाची मिरास. मोती हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला होता की १७६१ साली पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडल्याची बातमी सावकारी सांकेतिक पत्राने आली, तीत त्या दोघांस मोती म्हटले होते आणि इतर सरदारांस मोहरा. नानासाहेब पेशव्यांस ते पत्र उलगडून सांगावे लागले नाही.

नथीची कथा थोडी वेगळी आहे. आपणांस ती सनातन वाटते. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी संस्कृत वाङ्मय धुंडाळून असे दाखविले की, इसवी सनाच्या सुमारे एक हजाराव्या वर्षापूर्वी नाकातील दागिन्याचा उल्लेख सापडत नाही. म्हणजे नथ ही बाहेरून आलेली. मोती तर उघड उघड परदेशचा. या दोन पाहुण्यांची गाठ मराठी सुवासिनीच्या नाकात पडली आणि तेच आपले सौभाग्यचिन्ह ठरले! मला यात काही उणेपणा वाटत नाही. उलट असेच होत आले आहे.

मराठी राजघराण्यांत मोत्यांची सर्वांत मोठी दौलत होती ती बडोद्याच्या गायकवाडांकडे. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करविला. रेशमावर आणि हरिणाच्या कातड्यावर भरलेले ते मोती पंधरा लाखांहून कमी नसावेत असा अंदाज आहे. सारे बसऱ्याचे बारीक मोती. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर वाहण्याचा महाराजांचा संकल्प होता असे सांगतात. १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. पुढे तो एका महाराणींबरोबर युरोपात गेला. २००९ साली दोहा येथे त्याचा लिलाव होऊन सुमारे ५५ लक्ष डॉलर आले, आणि नंतर कतारच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात तो मांडला गेला. ज्या समुद्रातून ते मोती निघाले त्याच समुद्राच्या काठी, मुंबई आणि बडोदा पाहून, दीडशे वर्षांनी ते परत पोचले.

या वैभवाचा अंत फार झपाट्याने झाला. जपानात कोकिची मिकिमोतो याने १८९३ साली शिंपेत परका कण घालून अर्धगोल मोती तयार करून दाखविला, आणि पुढे वाटोळ्या मोत्याची कृती तेथे सिद्ध झाली. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाळूचा कण शिंपेत गेला की मोती होतो, हे स्वातीच्या थेंबाइतकेच काव्य आहे. शिंपेच्या अंगावरील जे कातडे तिच्या कवचाचा लेप तयार करते, त्या कातड्याच्या पेशी काही कारणाने आत सरकल्या म्हणजे त्या तेथेच थरावर थर चढवू लागतात. जपानी कृतीत शिंपल्याचा घोटीव मणी आणि त्या कातड्याचा तुकडा दोन्ही आत ठेवतात. वरचा लेप खराच असतो, गाभा तेवढा माणसाने घातलेला. म्हणून तो मोती खोटाही नव्हे आणि जुन्या अर्थाने सच्चाही नव्हे.

१९२१ साली असे मोती लंडनच्या बाजारात आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मोत्यांचे भाव कोसळले, ते पुन्हा सावरले नाहीत. न्यूयॉर्कचा तो वाडा देऊन घेतलेला हार १९५७ साली विकला गेला तेव्हा जेमतेम दीड लक्ष डॉलर आले. वाडा मात्र अद्यापि उभा आहे. आखातात तर उपासमारीची पाळी आली. १९३२ साली बहारीनमध्ये जमिनीखाली तेल लागले आणि बुडे मोत्यांच्या नावा सोडून तेलाच्या कामावर गेले. धनजी स्ट्रीटच्या वेज पाडणाऱ्यांच्या वाट्यास मात्र तेलाची विहीर आली नाही. मुंबईच्या जवाहिऱ्यांचे लक्ष पुढे हिऱ्याकडे वळले. ऑपेरा हाउसजवळच्या गल्ल्या हिऱ्यांनी गजबजल्या आणि २०१० साली तो व्यापार वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या इमारतींत गेला. मोत्यांचा बाजार जो मागे पडला तो पडलाच.

परंतु या कथेचे अखेरचे वळण गृहिणींनी लक्षपूर्वक ऐकावे. शेतीचे मोती स्वस्त झाले, तसतसे निसर्गाने केलेले जुने मोती दुर्मिळ होत गेले. बुड्यांच्या त्या नावा आता निघत नाहीत. जे आहे ते जुन्या डब्यांत आहे. गायकवाडांच्या सात पदरी हारातील मोत्यांचा केलेला दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्क येथे ७० लक्ष डॉलरांवर गेला. आपल्या घरातील नथीस असे मोल येणार नाही हे उघडच आहे. पण तिचे मोती "जुने व पिवळे" म्हणून कोणी वजाबाकीत टाकू लागला, तर तो अजाण असला पाहिजे किंवा फार जाणता.

ओळखावे कसे? मोती दातावर घासून पाहण्याची आपली रीत आहे. खरखर लागली तर सच्चा, गुळगुळीत लागला तर खोटा. ही परीक्षा काचेचा मोती पकडते. शेतीचा मोती मात्र तीतून सहीसलामत सुटतो, कारण त्याचाही लेप खराच. आतला गाभा कोणता हे क्ष-किरणांच्या चित्राशिवाय खात्रीने सांगता येत नाही. निसर्गाच्या मोत्यात कांद्यासारखी वर्तुळे थेट मध्यापर्यंत गेलेली दिसतात. दुसऱ्यात मण्याची कड स्पष्ट उमटते. मुंबईत रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळांत हे काम होते, आणि त्याचा खर्च नथ गमावण्याच्या मानाने काहीच नाही. जाता जाता आणखी एक. मोती हा दगड नव्हे. घाम, लिंबाचा रस आणि अत्तर यांनी त्याचा लेप झिजतो. साजशृंगारात तो सर्वांच्या शेवटी घालावा, काढताना प्रथम काढावा, आणि मऊ फडक्याने पुसून ठेवावा.

अँटॉप हिलच्या घरी मी एवढेच सुचविले की, सौद्याआधी नथीचे चित्र काढून घ्यावे. सूनबाई आणि नात, दोघी मिळून ती प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. नथीत सात मोती होते. सहांच्या पोटात वर्तुळेच वर्तुळे निघाली. ते बसऱ्याचे निसर्गाचे मोती होते. सातव्यात मण्याची गोल कड दिसली. केव्हा तरी तार बदलण्यास दिली असता तो बदलला गेला असावा. कोणी बदलला आणि कोणत्या साली, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. विशेष हे की, तो सातवा मोती नथीच्या मधोमध होता, सर्वांत टपोरा आणि सर्वांत पाणीदार. पेढीवरच्या गृहस्थांनी सातांत एवढ्या एकाचेच कौतुक केले होते.

नथ मोडण्याचा विचार त्याच दिवशी मागे पडला. मावशींचे समाधान झाले नाही. मोती तो मोती, असे त्या अजून म्हणतात. मधला मोती काढून तेथे दुसरा जुना मोती बसवावा काय, असे सूनबाईंनी आजींस विचारले. आजींनी चष्मा लावून नथ उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाल्या, "लग्नात माझ्या नाकात होती तेव्हाही मधला हाच होता की दुसरा, मला आठवत नाही. आता राहू दे त्याला तिथंच." झिजलेली सोन्याची तार तेवढी नवी घालून घेतली. जूनमध्ये नातीने ती नथ एक दिवस घातली आणि परत डबीत ठेवली. क्ष-किरणांचे चित्र मात्र तिने स्वतःकडे मागून घेतले. टेकडीकडे उघडणाऱ्या खिडकीच्या काचेवर तिने ते चिकटविले आहे. सकाळचे ऊन आले की त्यात सहा कांदे आणि एक गोटी, स्पष्ट दिसतात.